संगणकाशी ताळमेळ राखणारा फोन निवडताना

नावे आणि नंबर, भेटीच्या वेळा, करायच्या कामांची यादी, टिपणे आणि कागदपत्रे खिशातल्या फोनमध्ये आणि टेबलावरच्या संगणकात कायम सारखी राहावीत, यासाठीच्या व्यवस्थेला सर्रास सिंक म्हटले जाते. एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी आपोआप उमटावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मुंबईच्या उपनगरांत तिची गरज जरा जास्तच भासते, कारण घर मुलुंडला, कचेरी अंधेरीला आणि गिऱ्हाईक घाटकोपरला अशी तीन टोकांची दिनचर्या इथे नेहमीची आहे. सकाळी कचेरीतल्या संगणकावर ठरलेली भेट दुपारी मेट्रोत बदलते आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर तपासली जाते. तरीही दुकानात चौकशी होते ती कॅमेऱ्याची, बॅटरीची आणि ईएमआयची. संगणकाशी फोनचे कसे जमते, हे बहुधा घरी आल्यावर कळते.

हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. १९९० च्या दशकात विमा एजंट, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सीए आणि छोटे व्यापारी यांच्या खिशात ‘डिजिटल डायरी’ असे. कॅसिओच्या डायऱ्यांचे नाव विशेष होते. पार्ल्याच्या इर्ल्यात, हाजी अलीच्या हिरा पन्नात किंवा मनीष मार्केटात त्या मिळत. काही किलोबाइटांच्या स्मृतीत शेकडो नंबर मावत, पासवर्ड घालता येई, आणि चारचौघांत ती उघडण्यात थोडी ऐटही होती. पण सगळा डोलारा बटणाएवढ्या सेलवर उभा. मुख्य सेल आणि राखीव सेल एकदम संपले की वर्षांची जमवाजमव कोरी होई. संगणकाला जोडायची केबल वेगळी विकत घ्यावी लागे आणि ती फारसे कोणी घेत नसे. पुढे मुंबईच्या सात आकडी दूरध्वनी क्रमांकांच्या सुरुवातीला २ लागून ते आठ आकडी झाले, तेव्हा अशा डायरीतला प्रत्येक नंबर हाताने दुरुस्त करावा लागला. ज्यांची यादी संगणकावर होती त्यांनी एका सूत्राने तो स्तंभ बदलला आणि काम संपवले.

हातातल्या यंत्राची आणि संगणकाची खरी जोडी जमवली ती पाम पायलटने. अ‍ॅपलचे न्यूटन १९९३ मध्ये आले होते. ‘पीडीए’, म्हणजे पर्सनल डिजिटल असिस्टंट, हा शब्द त्याच कंपनीच्या जॉन स्कली यांनी त्याच्या आदल्या वर्षी रूढ केला होता. पण न्यूटन मोठे, महाग आणि हस्ताक्षर ओळखण्यात कच्चे होते. पामचे जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून पाहिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मार्च १९९६ मध्ये आलेल्या पायलटबरोबर संगणकाला जोडायची एक बैठक मिळे. यंत्र तिच्यात ठेवायचे, बैठकीवरचे एकमेव बटण दाबायचे आणि काही क्षणांत दोन्हीकडच्या नोंदी सारख्या. या क्रियेला पामने हॉटसिंक नाव दिले. लोकांनी पायलट उचलला तो मुख्यतः या बटणासाठी.

त्या बटणामागची युक्ती समजली तर आजचे फोनही समजतात. प्रत्येक नोंदीला एक कायमचा ओळखक्रमांक असे. नोंद बदलली की तिच्यावर ‘बदललेली’ अशी खूण पडे. सिंक करताना सगळी यादी न चाळता फक्त खूण असलेल्या नोंदी पाहिल्या जात, म्हणून काम झटपट होई. मात्र मधल्या काळात यंत्र दुसऱ्याच संगणकाला जोडलेले असेल, तर खुणांवर विश्वास ठेवता येत नसे. मग एकेक नोंद ताडून पाहिली जाई.

आता खरी अडचण. समजा घाटकोपरच्या गिऱ्हाइकाची भेट मंगळवारी चार वाजता आहे. कचेरीतल्या संगणकावर कोणी ती पाचवर नेली. त्याच दिवशी गाडीत उभ्या उभ्या, नेटवर्क नसताना, फोनमध्ये ती गुरुवारवर ढकलली गेली. दोन्ही बदल खरे आहेत. पाम अशा वेळी दोन्ही नोंदी ठेवून देई आणि निवाडा माणसावर सोडी. आज अनेक सेवा शेवटी आलेला बदल ग्राह्य धरतात आणि पहिला गुपचूप जातो. काही सेवा दोन नोंदी करतात; यादीत एकच माणूस दोनदा दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. वापरणारा दोन नोंदी पाहून वैतागतो खरा, पण चुपचाप हरवलेल्या भेटीपेक्षा समोर दिसणारी दुहेरी नोंद केव्हाही परवडली.

यानंतर डायरी फोनमध्येच विरघळली. नोकियाचा कम्युनिकेटर १९९६ चा, पाम प्रणालीवरचा ट्रिओ २००२ चा. ब्लॅकबेरी भारतात २००४ मध्ये एअरटेलबरोबर आला आणि अंधेरी-मरोळच्या कचेऱ्यांत साहेबांच्या कमरेला दिसू लागला. सामान्यांची कहाणी वेगळी होती. २००३ मध्ये रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत फोन हातात आला. त्या सीडीएमए फोनमध्ये सिम नव्हते. नंबर यंत्रातच राहत, यंत्र गेले की नंबर गेले. स्टेशनाबाहेरच्या दुकानांत नंबर या फोनमधून त्या फोनमध्ये चढवून देण्याचा एक जोडधंदाच निघाला. नोकियावाल्यांकडे पीसी सूट होता, पण तो फक्त नोकियाशी बोलायचा.

ही सगळी यंत्रे संपली. पामचा धंदा एचपीने २०१० मध्ये घेतला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र टिकली : नोंदींचा सर्वमान्य साचा. नाव-पत्त्यासाठी व्हीकार्ड आणि भेटींसाठी आयकॅलेंडर हे दोन साचे १९९० च्या दशकात ठरले आणि आजचे जवळपास सर्व फोन, संगणक आणि सेवा ते वाचतात. फोन दोन-चार वर्षांचा सोबती असतो, नोंदी मात्र पंचवीस वर्षांच्या. म्हणून निवड करताना आधी नोंदी कोणत्या खात्यात राहणार ते ठरवावे, फोन त्यानंतर.

नोंदी राहण्याच्या जागा सध्या ढोबळमानाने तीन : गूगलचे खाते, अ‍ॅपलचे आयक्लाउड किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते. कचेरीचे खाते बहुधा यांपैकीच एखाद्याची धंदेवाईक आवृत्ती असते. नोंदींसाठी हल्ली फोन सहसा संगणकाशी थेट बोलत नाही. दोघेही खात्याशी बोलतात. त्यामुळे ‘हा फोन माझ्या संगणकाशी जमेल का’ या प्रश्नाचे खरे रूप ‘दोघे एकाच खात्यावर येतील का’ असे आहे.

इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि तीही अगदी साध्या जागी. अँड्रॉइड फोनमध्ये नवा नंबर लिहिताना नावाच्या वर किंवा खाली एक बारीक ओळ असते. नोंद कुठे जतन करायची ते तिथे ठरते. पर्याय असतात गूगल खाते, फोन बनवणाऱ्या कंपनीचे खाते, सिम आणि नुसता ‘फोन’. एकदा चुकून ‘फोन’ निवडले गेले की पुढचे नंबरही तिथेच साठत राहतात. संगणकावर ते कधीच दिसत नाहीत, आणि वापरणाऱ्याला वाटते की सिंक बिघडले. सिमची गोष्ट आणखी वाईट : तिथे एका नावापाठी मोजकीच अक्षरे, बहुधा अडीचशेच्या आसपास नोंदी, पत्ता किंवा ईमेल यांना जवळजवळ जागाच नाही. नवा फोन घेतल्यावर पहिले काम म्हणून ही ओळ शोधावी, खाते निवडावे आणि सिमवरचे जुने नंबर त्या खात्यात आणून ठेवावेत.

जोड्यांचे म्हणाल तर अँड्रॉइड फोन, विंडोज संगणक आणि गूगल खाते ही उपनगरांतल्या घरांतली सर्वांत सामान्य जोडी. नंबर आणि कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडतात, वेगळे काही बसवावे लागत नाही. विंडोजमधल्या फोन लिंकने संदेश, सूचना आणि फोटो संगणकावर दिसतात, ब्लूटूथवर फोनही घेता येतो. सॅमसंगच्या फोनशी त्याचे विशेष सख्य आहे, आयफोनशी जेमतेम. अडते ते जुन्या आउटलुकपाशी. अनेक सीए, वकील आणि कारखानदार यांची पंधरा-वीस वर्षांची पत्तेवही संगणकावरच्या एका पीएसटी फाइलीत असते, आणि ती अँड्रॉइड फोनमध्ये आपोआप उतरत नाही. ती एकदा बाहेर काढून खात्यात चढवावी लागते.

आयफोन आणि मॅक ही जोडी सर्वांत कमी कटकटीची, हे मान्य करायला हवे. एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर चिकटवता येतो, फाइली हवेतून जातात. पण किंमत एका फोनची नसते, पूर्ण संचाची असते. आयफोन घेऊन घरी विंडोजच ठेवणाऱ्याला यातले निम्मेही मिळत नाही. त्याच्यासाठी विंडोजवरचे आयक्लाउड आहे, किंवा केबल लावून आउटलुकचे पत्ते फोनवर नेण्याची जुनी पद्धत आहे. दोन्ही एकदम चालू केल्या तर दुहेरी नोंदींचा पूर येतो. नाहीतर सरळ आयफोनमध्ये गूगल खाते घालावे. ते उत्तम चालते आणि पुढे अँड्रॉइडवर यायची वाटही मोकळी राहते.

कोणत्याच बड्या कंपनीच्या हाती पत्ते द्यायचे नाहीत, अशांसाठी कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह हे सिंकचे खुले नियम आहेत. नेक्स्टक्लाउडसारखा स्वतःचा सर्व्हर आणि अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ हे अ‍ॅप, एवढ्यावर सगळे चालते. मात्र तो सर्व्हर सांभाळणारे कोणीतरी घरात हवे.

मराठी वापरणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, ज्याचा उल्लेख फोनच्या जाहिरातींत सापडत नाही. गृहनिर्माण संस्थेची सभासद यादी किंवा गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी संगणकावर अनेकदा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असते. संगणकावर ती मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. तो फाँट नसलेल्या फोनवर नुसता कचरा दिसतो. फोन बदलून हे सुटत नाही. यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. दुसरा घोळ निर्यातीत होतो. गूगलमधून काढलेली पत्त्यांची फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली, तर ‘जोशी’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने लिपीचा अंदाज चुकवलेला असतो. आयात करताना यूटीएफ-८ निवडले की जोशी जागेवर येतात. अशी बिघडलेली दिसणारी फाइल घाईने ‘सेव्ह’ करून परत चढवणे एवढे मात्र टाळावे, नाहीतर सगळ्या नावांचा बोऱ्या वाजतो.

शोधाचाही मुद्दा आहे. देवनागरीत जतन केलेला ‘जोशी’ रोमन लिपीत टाइप करून सापडेलच असे नाही. नावाच्या नोंदीत उच्चारासाठी वेगळा रकाना असतो. तिथे रोमन रूप लिहून ठेवावे. टंकलेखनाची तक्रार आता फारशी उरली नाही. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेला स्वरचक्र हा कळफलक व्यंजन दाबताच त्याच्याभोवती काना-मात्रांचे वर्तुळ उघडतो, आणि गूगलच्या कळफलकातही मराठी आहे. संगणकावर इन्स्क्रिप्टची सवय असणाऱ्याला तीच मांडणी फोनवर घेता येते.

कॅलेंडरात तर मराठी घराची गाठ थेट पंचांगाशी पडते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले कालनिर्णय भिंतीवर असते आणि संकष्टीचा चंद्रोदय तिथेच पाहिला जातो. फोनच्या कॅलेंडरात वाढदिवस ‘दरवर्षी’ आणि सोसायटीचा हप्ता ‘दरमहा’ असा सहज लावता येतो, कारण दोन्ही इंग्रजी तारखेवर चालतात. संकष्टी, आजोबांचे श्राद्ध किंवा गणेश चतुर्थी तिथीवर चालतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अधिक महिना आला की सगळे आणखी पुढे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. इतर पंचांगांनुसार पुनरावृत्ती लावण्याचा आयकॅलेंडरचा जोडनियम २०१५ मध्ये तयार झाला आहे, पण रोजच्या वापरातल्या बहुतेक अ‍ॅपांत तिथीची सोय दिसत नाही. तेव्हा वर्षारंभी पंचांग घेऊन बसावे आणि वर्षाच्या तिथी संगणकावर एका वेगळ्या कॅलेंडरात भरून ते घरातल्या सर्वांना वाटावे. हे काम कळफलकावर अर्ध्या-पाऊण तासाचे. फोनच्या पडद्यावर ते करायला बसणारा मध्येच सोडून देतो.

प्रवासात नेटवर्कचा भरवसा नाही. आरे ते बीकेसी ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. भुयारात आणि गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यातही फोन मुका होऊ शकतो. म्हणून नोंदींची प्रत फोनमध्ये असायलाच हवी. नंबर आणि कॅलेंडर बहुतेक फोन आपोआप उतरवून ठेवतात. फाइली आणि काही टिपण-अ‍ॅपे मात्र केवळ यादी दाखवतात आणि उघडायला गेल्यावर इंटरनेट मागतात. विमान मोड चालू करून गिऱ्हाइकाचा पत्ता, उद्याची भेट, एक टिपण आणि एक पीडीएफ उघडून पाहावे. दोन मिनिटांत कळते.

टिपणे ही या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची कडी आहे. नंबरांना आणि भेटींना सर्वमान्य साचा आहे, टिपणांना नाही. अ‍ॅपलची टिपणे, गूगल कीप, वननोट, फोन कंपन्यांची आपापली अ‍ॅपे, प्रत्येकाचा संसार वेगळा. आत जाणे सोपे असते, बाहेर येताना चित्रे, यादीतल्या टिकल्या आणि हस्तलेखन वाटेत सांडते. ज्याची टिपणे मोलाची आहेत, त्याने फोनसोबत फुकट आलेल्या अ‍ॅपात ती न लिहिता फोनवर आणि स्वतःच्या संगणकावर दोन्हीकडे चालणारे अ‍ॅप निवडावे आणि त्यातून साधा मजकूर बाहेर काढता येतो ना, हे आधी पाहावे.

व्हॉट्सअ‍ॅपला डायरी समजण्याची चूकही सार्वत्रिक आहे. ते संगणकावर चालते, चार जोडउपकरणे घेते, आणि २०२१ पासून त्यासाठी फोन चालू असावा लागत नाही. पण मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही की जोडलेली उपकरणे सुटतात. शिवाय गप्पांत आलेली ‘शुक्रवारी पाचला या’ ही ओळ कॅलेंडरात आपण होऊन जात नाही.

कचेरीचे खाते स्वतःच्या फोनमध्ये घालताना येणारी संमतीची पाटी वाचून मगच होकार द्यावा. कंपनीने ठेवलेल्या नियमांनुसार तिला दुरून कचेरीचा मजकूर, काही वेळा पूर्ण फोनसुद्धा, पुसण्याचा अधिकार मिळू शकतो. अँड्रॉइडमधला कामासाठीचा वेगळा कप्पा हा त्यावरचा चांगला उपाय आहे. घरचे नंबर कचेरीच्या खात्यात कधीही जतन करू नयेत. नोकरी सुटली की खाते बंद आणि नंबरही गेले.

केबल आजही निरुपयोगी नाही. लग्नाचे चित्रण किंवा हजारो फोटो संगणकावर घ्यायचे तर तीच बरी. पण टाइप-सी तोंड दिसले म्हणजे वेग मिळेल असे नाही. कितीतरी फोन त्या तोंडामागे जुना यूएसबी २ वेग देतात आणि साधा आयफोन १५ त्यातलाच. शिवाय स्वस्तातल्या काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, मग पडद्यावरच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुर्ला-कलिना भागात तळमजल्यावरचे संगणक पाण्याखाली गेले. ज्यांच्या नोंदींची प्रत दुसरीकडे होती ते वाचले. अशा आपत्तीत सिंक उपयोगी पडते. पण मुलाने खेळताना पन्नास नंबर पुसले, तर तेच सिंक इमानेइतबारे संगणकावरचेही पुसते. गूगलच्या संपर्कयादीत पुसलेले नंबर तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि पूर्ण यादी तीस दिवसांपर्यंत मागे नेता येते; आयक्लाउडवरही जुन्या प्रती असतात. त्यानंतर उपाय नाही. फुकट जागेची मर्यादाही लक्षात ठेवावी : गूगलला १५ जीबी, आयक्लाउडला ५ जीबी. गूगलची जागा फोटोंनी भरली की त्याच खात्यातली ईमेल येणे थांबते. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते कंपनी काढूनही टाकू शकते.

लोकलच्या दारातून फोन हिसकावला गेला, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठी लागणारा फोनचा आयएमईआय हा ओळखक्रमांक संगणकावर लिहिलेला असावा. खात्याच्या दुहेरी पडताळणीचे राखीव कोडही कागदावर काढून घरी ठेवावेत. नाहीतर फोन गेल्यावर नंबर खात्यात सुखरूप असतात आणि खात्यात शिरायचा कोड मात्र चोरीला गेलेल्या फोनवर येतो.

फोन घेण्याआधी दुकानात विचारण्याजोगे प्रश्न दोनच : सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार आणि हवे ते खाते यात पूर्ण चालते का. गूगलच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस२४ मालिकेपासून सात वर्षांचे आश्वासन आहे. स्वस्त फोनांत ते दोन-तीन वर्षांवरही येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर ते मॉडेल सोडून द्यावे. आणि फोन कोणताही असो, वर्षातून एकदा, मार्चअखेर हिशेब मिटवताना, सगळे नंबर एका व्हीकार्डच्या (व्हीसीएफ) फाइलीत आणि कॅलेंडर एका आयकॅलेंडरच्या (आयसीएस) फाइलीत काढून पेनड्राइव्हवर ठेवावे. या दोन फाइली पुढचा कोणताही फोन वाचेल.